एमएच-सीईटी लॉ पहिल्यांदा देताय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

वकिली शिकायचं घरात पक्कं झालं की ठाण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "क्लास कुठला लावायचा?" खरं तर हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरावर यायला हवा. परीक्षा कोणती, तिचा पेपर कसा, आपल्या हातात रोजचा वेळ किती आणि कॉलेज कुठलं मनात आहे, एवढं आधी एका कागदावर लिहून काढा. सीईटीत मागे पडणारी बरीच मंडळी अभ्यास भरपूर करतात, फक्त दुसऱ्याच पेपरचा करतात.

पायरी १ : परीक्षा कोणती ते ठरवा

महाराष्ट्रातल्या बहुतेक लॉ कॉलेजांचे प्रवेश एमएच-सीईटी लॉवर होतात. परीक्षा घेतो राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला सीईटी सेल. या नावाखाली दोन वेगळ्या परीक्षा आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीची दुसरी. दोन्हींचे अर्ज वेगळे आणि गुणांची वाटणीही वेगळी. मित्राने दिलेल्या नोट्स घेण्याआधी त्याने यातली कुठली परीक्षा दिली होती, ते विचारा.

पात्रतेसाठी बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, ओबीसी आणि तत्सम प्रवर्गांना ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. वयाला वरची मर्यादा नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या परीक्षेला केंद्राबाहेरच्या रांगेत नुकताच बीकॉम झालेला मुलगा, महापालिकेत नोकरी करणाऱ्या ताई आणि बँकेतून निवृत्त झालेले काका असे सगळे एकत्र दिसतात.

बारावीवाल्यांसमोर दुसरा रस्ता क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा. महाराष्ट्रातली तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं, म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, या परीक्षेतून प्रवेश देतात. तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण पेपर कागदावर, पूर्ण इंग्रजीत, लांब उताऱ्यांवर आधारलेला, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. खुल्या प्रवर्गाला अर्जाची फीच ४,००० रुपये आहे, तेव्हा "बघू तरी देऊन" म्हणून भरण्यासारखा तो अर्ज नाही. दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर डिसेंबरात होणाऱ्या क्लॅटचा अभ्यास आधी करा आणि मग सीईटीकडे वळा. क्लॅटमुळे लागलेली वाचनाची सवय सीईटीत उपयोगी पडते. सीईटीसाठी पाठ केलेल्या सनावळ्या क्लॅटमध्ये फारशा कामाला येत नाहीत.

पुढे जे लिहिलंय ते सीईटीबद्दल आहे.

पायरी २ : पेपर समोर ठेवा, मग पुस्तक विकत घ्या

२०२५ च्या परीक्षेचा आराखडा असा होता : १२० प्रश्न, १२० गुण, १२० मिनिटं, संगणकावर, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. पूर्वी १५० प्रश्न असायचे, म्हणून बाजारातल्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत आणि टेस्ट सिरीजमध्ये अजून १५० चेच पेपर आहेत. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि विभागवार गुणांचं पान भिंतीला चिकटवा.

तीन वर्षांच्या परीक्षेत इंग्रजीला ४०, सामान्यज्ञान व चालू घडामोडींना ३२, लीगल अ‍ॅप्टिट्यूडला २४ आणि लॉजिकलला २४ गुण होते. पाच वर्षांच्या परीक्षेत लीगल ३२, लॉजिकल ३२, सामान्यज्ञान २४, इंग्रजी २४ आणि प्राथमिक गणित ८. हे आकडे नीट बघितले की वेळापत्रक निम्मं तयार होतं. पदवीधराचा एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा आहे, तरी तो सहा महिने लॅटिन वचनं घोकत बसतो. बारावीवाल्याचा निम्म्याहून जास्त पेपर लीगल आणि लॉजिकलचा, आणि तो चिंता करत असतो गणिताच्या आठ गुणांची.

प्रश्न इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हा मोठा आधार आहे, पण कायद्याच्या प्रश्नांचं मराठी कधी कधी सरकारी वळणाचं असतं. वाक्य अडलं की लगेच इंग्रजी मजकुरावर नजर टाकायची सवय सरावातच लावून घ्या.

आणखी एक गोष्ट, ही विशेषतः पालकांसाठी. परीक्षा एकाहून जास्त सत्रांत झाली की निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर शंभरातले नव्वद जण तुमच्या मागे किंवा तुमच्या बरोबरीला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या सोसायटीतल्या मुलीचे मागच्या वर्षीचे गुण आणि आपल्या मुलाचा यंदाचा पर्सेंटाइल यांची तुलना करून घरात ताण वाढवू नका.

पायरी ३ : वेळ कुठून काढायचा

बारावीच्या मुलांचं गणित तसं सोपं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते, तोपर्यंत रोज एक तास पुरतो, आणि त्यात मुख्यतः वाचन. बोर्ड संपल्यावर मिळणारे काही आठवडे मात्र गावाला न जाता वापरायचे. सीईटीची तारीख वर्षागणिक पुढेमागे होते, म्हणून त्या काळातली तिकिटं आधी काढू नका.

नोकरी करणाऱ्यांचा खरा प्रश्न आहे. घोडबंदर रोडच्या कोंडीतून घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि मग घरचं काही ना काही असतंच. त्यांनी अभ्यासाची दोन भागांत वाटणी करावी. उभ्याने होईल असा एक आणि बसूनच होईल असा दुसरा. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरला अर्धा तास जातो, कल्याण-दादरला त्याहून जास्त. त्या गर्दीत बैठकव्यवस्थेचं कोडं सुटत नाही, पण घटनेची दहा कलमं, पाच इंग्रजी शब्द किंवा कालच्या बातम्यांची टिपणं मोबाइलवर सहज वाचून होतात. लीगलचे प्रश्न आणि लॉजिकलसाठी सकाळी घर उठायच्या आधीचा पाऊण तास राखून ठेवा. रात्रीचा वेळ धरूच नका. तो मिळाला तर बोनस.

घरात जागा नसेल तर अभ्यासिका शोधा. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ पासूनची परंपरा आहे, आणि शहरात तसंच नवी मुंबईच्या नोडांमध्ये अनेक संस्थांच्या छोट्या अभ्यासिका चालतात. बहुतेक ठिकाणी स्पर्धा परीक्षांची मुलं असतात. त्यांच्या बरोबर बसलं की चालू घडामोडींच्या टिपणांची देवाणघेवाण आपोआप होते.

आता क्लासबद्दल. नौपाड्यात आणि वाशीत पर्याय पुष्कळ आहेत. माझं मत सांगायचं तर पदवीधराला एक चांगली टेस्ट सिरीज पुरते. बारावीच्या मुलाला शिस्तीसाठी क्लास हवा असेल तर जरूर लावा, पण संपूर्ण फी एकदम भरू नका, आणि दोन तास फुकट बसून बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. शिकवणारे सर चुकलेल्या प्रश्नाचं कारण सांगतात की नुसतं उत्तर सांगून पुढे जातात, एवढं त्या दोन तासांत तपासा.

पायरी ४ : लीगल, म्हणजे न्यायाधीश व्हायचं नाही, तत्त्व लावायचं

या विभागात दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. पहिल्या तऱ्हेत थेट माहिती विचारतात. दुसऱ्या तऱ्हेत एक कायदेशीर तत्त्व देतात, एक प्रसंग देतात आणि निर्णय विचारतात. नवखे लोक दुसरीत अडकतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू.

तत्त्व : अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच रद्दबातल असतो.

प्रसंग : सतरा वर्षांच्या रोहनने गोखले रोडवरच्या दुकानातून हप्त्यांवर लॅपटॉप घेतला. वय विचारल्यावर त्याने एकोणीस सांगितलं. दोन हप्ते भरले, तिसऱ्यापासून टाळाटाळ सुरू केली. दुकानदाराने उरलेल्या हप्त्यांसाठी दावा लावला.

पर्याय : (अ) रोहन खोटं बोलला, म्हणून त्याला हप्ते भरावे लागतील. (ब) करारच रद्दबातल असल्याने हप्त्यांचा दावा टिकणार नाही. (क) हप्ते आईवडिलांनी भरावेत. (ड) दोन हप्ते भरून रोहनने करार मान्य केला आहे, म्हणून तो बांधील आहे.

दहापैकी बरेच जण 'अ'वर बोट ठेवतात, कारण रोहनचा राग येतो. राग योग्य आहे, उत्तर चुकीचं आहे. दिलेल्या तत्त्वात खोटं बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. आईवडिलांबद्दल नाही, हप्ते भरल्याबद्दलही नाही. वय सतरा आहे, म्हणून करार रद्दबातल, म्हणून 'ब'. लॅपटॉप परत मागता येईल का, हा वेगळा मुद्दा आहे आणि तो विचारलेलाच नाही. आता तत्त्वात एक वाक्य वाढवून बघा : 'मात्र वयाबद्दल खोटी माहिती देणाऱ्याला या तरतुदीचा लाभ मिळणार नाही.' प्रसंग तोच, पर्याय तेच, पण उत्तर 'अ' झालं. सरावाला बसलात की स्वतःच तत्त्वातला एखादा शब्द बदलून उत्तर बदलतं का ते पाहत जा. 'केवळ', 'हेतुपुरस्सर', 'वाजवी' असल्या शब्दांखाली पेन्सिल ओढायची सवय त्यातून लागते.

या तत्त्वामागचा खटलाही माहीत असू द्या. अल्पवयीनाचा करार रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात सांगितलं. मूळ कायदा १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम ११. असा एक प्रश्न, त्याचं तत्त्व, त्याचा खटला आणि त्याचं कलम एकत्र लिहिलं की थेट माहितीच्या प्रश्नांची तयारी त्यातच होऊन जाते.

लॅटिन वचनांचंही तसंच. 'डॅम्नम सिने इन्ज्युरिया' नुसतं घोकून चार दिवस टिकत नाही. तुमच्या वडापावच्या गाडीसमोर दुसऱ्याने गाडी लावली, त्याचा वडा चांगला निघाला आणि तुमचा धंदा बसला. नुकसान झालं, पण हक्क कुठलाच मोडला नाही, म्हणून दावा नाही. १४१० च्या ग्लॉस्टर ग्रामर स्कूल खटल्यात हेच झालं होतं, फक्त तिथे वड्याऐवजी शाळा होती. याची उलट बाजू 'इन्ज्युरिया सिने डॅम्नो'. अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट, १७०३. मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला. नुकसान शून्य, पण हक्क मोडला, म्हणून दावा टिकला. ही दोन्ही वचनं कायम जोडीने करा. प्रश्नकर्त्याला त्यांची अदलाबदल करायला आवडते.

घटनेतून सगळं वाचायला वेळ नसतो. मूलभूत हक्क (कलम १२ ते ३५), मार्गदर्शक तत्त्वं (३६ ते ५१) आणि कलम ५१क मधली अकरा मूलभूत कर्तव्यं आधी. मग कलम ३२ आणि २२६ खालचे रिट (हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालय काढतं ते आदेश), आणीबाणीची ३५२, ३५६, ३६० आणि घटनादुरुस्तीचं ३६८. दुरुस्त्यांपैकी ४२ वी (१९७६), ४४ वी (१९७८), ५२ वी (१९८५, पक्षांतरबंदी), ७३ वी व ७४ वी (१९९२), ८६ वी (२००२, शिक्षणाचा हक्क), १०१ वी (२०१६, जीएसटी), १०३ वी (२०१९, आर्थिक दुर्बलांचं आरक्षण) आणि १०६ वी (२०२३, महिला आरक्षण) एवढ्या पक्क्या हव्यात. केशवानंद भारती खटल्याचं वर्ष १९७३, न्यायाधीश तेरा. यावरचा प्रश्न सोडून चालणार नाही.

जुन्या पुस्तकांचा सगळ्यात मोठा धोका फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. सिनेमांनी अजरामर केलेलं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. सोनसाखळी चोरांसाठी 'हिसकावणे' हा स्वतंत्र गुन्हा कलम ३०४ मध्ये आला, आणि समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली. स्टेशनाबाहेर फूटपाथवर स्वस्तात मिळणारं पुस्तक घ्यायला हरकत नाही, पण आधी फौजदारीचं प्रकरण उघडून त्यात कुठला कायदा छापलाय ते बघा.

पायरी ५ : सामान्यज्ञान, एक बातमी आणि तिचं मूळ

मासिकंच्या मासिकं पाठ करणाऱ्यांना या विभागात अपेक्षेपेक्षा कमी गुण पडतात. प्रश्न बातमीवर कमी आणि बातमीच्या मागे उभ्या असलेल्या कायम माहितीवर जास्त येतात. एक बातमी घेऊन बघू.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. आता वहीत काय लिहाल? कोणते सहा जिल्हे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आधीची खंडपीठं कुठे : नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा. कुठल्या कायद्याखाली : राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना : १८६२, कोलकाता आणि मद्रासच्या सोबतच. घटनेत उच्च न्यायालयाचं कलम : २१४. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय : उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. त्या वेळी सरन्यायाधीश कोण : न्या. भूषण गवई, मूळचे अमरावतीचे. त्यांच्या आधी संजीव खन्ना, नंतर सूर्य कांत. एका बातमीतून सात-आठ प्रश्न निघाले आणि अर्धं पान भरलं. आठवड्याला अशा चार बातम्या पुरे.

निवड करताना न्यायालयं, घटनादुरुस्त्या, महाराष्ट्र, पुरस्कार आणि जागतिक संस्था यांना झुकतं माप द्या. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा (त्या दिवशी आणखी चार भाषांना मिळाला, त्या लिहून ठेवा), किंवा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले बारा मराठा किल्ले, ज्यांतला एकच, जिंजी, महाराष्ट्राबाहेर तामिळनाडूत आहे. असल्या गोष्टी आपल्याला आवडीने वाचता येतात, तर आधी त्याच करा. रोज एक मराठी पेपर आणि आठवड्यातून दोन-तीनदा एखाद्या इंग्रजी पेपरचं समजावून सांगणारं पान, एवढं वाचन बास.

पायरी ६ : लॉजिकल, इंग्रजी आणि उरलेलं

लॉजिकलचे प्रकार ठरलेले असतात : नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, बैठकव्यवस्था, दिनदर्शिका, विधान आणि निष्कर्ष. प्रत्येकाची एक रीत असते आणि रीत कळली की फक्त वेग वाढवायचा. दिनदर्शिकेचंच घ्या. १ जानेवारी २०२५ ला बुधवार होता, तर १ मेला कोणता वार? जानेवारीचे जादा दिवस (महिन्याचे दिवस साताने भागून उरलेले) ३, फेब्रुवारीचे ०, मार्चचे ३, एप्रिलचे २. बेरीज ८, साताने भागून उरला १. बुधवारच्या पुढचा गुरुवार. सराव असेल तर वीस सेकंदांचं काम, नसेल तर बोटं मोजण्यात दोन मिनिटं जातात. बैठकव्यवस्थेचा लांबलचक संच पेपराच्या मधोमध दिसला तर खूण करून पुढे जा, तो शेवटी.

इंग्रजीत आपल्या लोकांचे गुण ठरावीक जागी जातात. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावायचा मोह आपल्याला होतोच, कारण मनात मराठी वाक्य चालू असतं. 'वन ऑफ'नंतर अनेकवचनी नाम पण क्रियापद एकवचनी, 'सिनियर'पुढे 'टू', 'प्रिफर'पुढेही 'टू'. अशा चुकांची यादी तीन-चार पानांत संपते. ती पाने महिन्याभरात इतक्या वेळा वाचा की चुकीचं वाक्य कानाला खटकायला लागेल. शब्दसंग्रहासाठी जाड पुस्तक नको. जुन्या प्रश्नपत्रिकांतले आणि पेपरातले शब्द वाक्यासकट लिहा. उताऱ्याचे प्रश्न आधी वाचायचे की उतारा आधी, यावर क्लासवाले तासभर वाद घालतात. दोन्ही करून बघा, ज्यात वेळ कमी लागेल ते तुमचं.

पाच वर्षांच्या परीक्षेतल्या गणिताला शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग एवढं पुरतं. दहावीचं गणित आठवत असलं की झालं.

पायरी ७ : गुण वाढतात ते मॉकनंतरच्या तासात

पहिला मॉक, म्हणजे वेळ लावून दिलेला सराव पेपर, काहीही न वाचता, सुरुवातीलाच द्या. आकडा बघून वाईट वाटेल, वाटू द्या. त्यानंतर पंधरवड्याला एक आणि शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन. रोज एक मॉक देणारे खूप भेटतात आणि त्यांचा आकडा जागचा हलत नाही, कारण दिलेला पेपर ते पुन्हा उघडूनच बघत नाहीत. दोन तासांच्या मॉकला दोन तासांचं विश्लेषण लागतं. ते करायला वेळ नसेल तर त्या दिवशी मॉक देऊ नका.

विश्लेषणासाठी एक साधी दोनशे पानी वही करा. नोंद अशी :

'मॉक ६, प्र. ४१, लीगल. दिलं अ, बरोबर ब. तत्त्वात "केवळ" होतं, वाचलंच नाही. वेळ ३५ सेकंद.'

'मॉक ६, प्र. ७७, जीके. दिलं क, बरोबर क. तुक्का. कलम २१४ आणि २२६ यांत अजून गोंधळ.'

दुसरी नोंद बघा. उत्तर बरोबर आलं, तरीही लिहिलं. तुक्क्याने लागलेलं उत्तर चूक म्हणूनच मोजायचं, नाहीतर मॉकमधला आकडा फुगतो आणि खऱ्या परीक्षेत पडतो. प्रत्येक नोंदीला कारणाचं एक अक्षर द्या : माहीत नव्हतं, वाचताना चुकलं, वेळ गेला, किंवा तुक्का. तीन-चार मॉकनंतर कुठलं कारण जास्त आहे ते दिसायला लागतं. 'माहीत नव्हतं' जास्त असेल तर पुस्तक उघडा. 'वाचताना चुकलं' जास्त असेल तर पुस्तक उघडून काही होणार नाही, वाचायचा वेग कमी करा.

तीन वर्षांच्या पेपरात वेळेची वाटणी अशी करून बघा. सामान्यज्ञानाचे ३२ प्रश्न आधी, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे अकरा मिनिटांच्या आत. उत्तर आठवलं तर आठवलं, विचार करून ते सुचत नसतं. इंग्रजीचे ४० प्रश्न तीस मिनिटांत. लीगलचे २४ तीस मिनिटांत. लॉजिकलचे २४ छत्तीस मिनिटांत. उरतात तेरा मिनिटं, खूण केलेल्या प्रश्नांसाठी. गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. जे अजिबात येत नाहीत त्यांना सगळीकडे एकच पर्याय द्या, तिथे डोकं लावत बसू नका. वेळ संपला आणि बारा प्रश्न राहिले असं सांगणारा कोणी ना कोणी दरवर्षी भेटतोच.

मॉकचा आकडा एका जागी अडकला, समजा ७२ वर, तर सगळे विषय थोडे थोडे वाढवायला जाऊ नका. वहीत बघून सगळ्यात स्वस्तातले दहा गुण कुठे आहेत ते शोधा. पदवीधराला ते बहुधा इंग्रजीच्या त्या ठरावीक चुकांत सापडतात. बारावीवाल्याला लॉजिकलच्या दोन-तीन प्रकारांत. पंधरा दिवस तेवढंच करा आणि मग पुढचा मॉक द्या. मॉक शक्यतो ज्या सत्रात परीक्षा आहे त्याच वेळी, संगणकावर द्या. मोबाइलवर दिलेल्या मॉकमध्ये डोळ्यांची आणि माउसची सवय होत नाही.

पायरी ८ : परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्र हातात आलं की केंद्राचा पत्ता नकाशावर बघून थांबू नका. ठाण्यातल्या मुलाला पवई किंवा मीरा रोडच्या बाजूचं केंद्र आलं तर अंतर कमी दिसतं, वेळ नाही. घोडबंदरला गायमुख घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळं ठप्प. परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाचा. ट्रान्सहार्बर किंवा हार्बरवर ब्लॉक असला तर ऐरोली-वाशीच्या केंद्राला रस्त्यानेच निघावं लागेल आणि त्या दिवशी रिक्षावाल्यालाही ते माहीत असतं. प्रवेशपत्रावरच्या नावाचं स्पेलिंग आणि ओळखपत्रावरचं एकच आहे ना, ते आठवडाभर आधी तपासा.

पायरी ९ : निकालानंतरचा अर्ज वेगळा असतो

परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला असं नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश फेरीसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा नोंदणी करावी लागते, कागदपत्रं चढवावी लागतात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण असूनही ही तारीख हुकवणारे असतात.

कागदपत्रांचं काम परीक्षेआधीच सुरू करा. अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. इथे आपल्या भागाची एक गंमत आहे. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात, पण खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं असलं तरी खारघरच्या माणसाने दाखल्यासाठी ठाण्याच्या तहसील कार्यालयात रांग लावून उपयोग नाही. 'आपले सरकार'वर अर्ज करतानाही जिल्हा आणि तालुका बघूनच निवडा.

पसंतीक्रम भरताना प्रत्येकाच्या यादीत चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज वरती असतं, आणि ते साहजिक आहे. १८५५ पासूनचं कॉलेज, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर. त्याखालची यादी मात्र घरापासूनचं अंतर बघून लावा. ठाण्यात टीएमसी लॉ कॉलेज आहे, सानपाड्याला ओरिएंटल, कळंबोलीला केएलई, नवीन पनवेलला भागूबाई चांगू ठाकूर. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते. पनवेलहून रोज सकाळी चर्चगेट गाठणं तीन वर्षं जमणार आहे का, हे घरी बसून नव्हे, एका कामाच्या दिवशी सकाळची लोकल पकडून बघा आणि मग क्रम लावा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तुम्ही ते घेतलं नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची वेळ येऊ शकते. म्हणून ज्या कॉलेजात खरोखर जाणार नाही, ते यादीत पहिलं टाकू नका. अर्ज पक्का करण्याआधी प्रवेशाच्या नियमांचं पान पुन्हा एकदा वाचा, आणि पावतीची पीडीएफ स्वतःलाच ईमेल करून ठेवा.